हात लावूं नये

विलायतेस जाऊन आलेला प्राध्यापक आज ना उद्यां प्रवासवर्णन लिहिणारच, या भीतीनें आमच्या स्नेह्यांनीं आम्ही परतल्यावर कित्येक महिने आमच्या घराकडे वाट वाकडी केली नाहीं. त्यांची भीति अगदींच निराधार होती असें नाहीं. तथापि ती खोटी ठरावी म्हणून आम्हीं इतकीं वर्षें मौन पाळिलें. आजहि टेम्स नदीवरील पूल, तेथील पोलिसाचें सौजन्य आणि भुयारी आगगाडींतील शिस्त यांविषयीं आम्ही अवाक्षर काढणार नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें एका चित्रशाळेंत दुपारच्या सुटींत होणाऱ्या व्याख्यानांविषयीं. आणि तें सांगावयाचें तर आधीं आमच्या घरांतील लोखंडी कपाटांत ठेवलेल्या एका डब्याची हकीकत सांगितली पाहिजे.

२०१८ सालीं आमच्या मातोश्री निवर्तल्या. वाईचें घर बंद करावें लागलें. भांडीं वांटलीं गेलीं, पाट शेजाऱ्यांनीं नेले, पुस्तकें आम्हीं घेतलीं. राहिले ते देव. खंडोबा आणि भवानी यांचे चांदीचे टाक, एक बाळकृष्ण, एक शाळिग्राम, शंख, घंटा, आणि आईनें लग्नांत माहेराहून आणलेली बोटभर उंचीची पितळी अन्नपूर्णा. थोरले बंधु अमेरिकेंत. "देव तुझ्याकडेच असूं देत," असें त्यांनीं दूरध्वनीवरून सांगितलें. त्या सांगण्यांत औदार्यापेक्षां सुटकेचा भाग अधिक होता हें आम्हांस कळलें. कारण त्यांच्या जागीं आम्ही असतों तर आम्हींहि तसेंच औदार्य दाखविलें असतें. ईश्वर आहे किंवा नाहीं हा प्रश्न आम्हीं विसाव्या वर्षीं मिल् आणि आगरकर वाचून निकालांत काढला होता. परंतु ईश्वर नसला म्हणून देव नाहींसे होत नाहींत. ते तांब्याच्या संपुष्टांत बसून, एस. टी.च्या गाडींतून, आमच्या मांडीवर पुण्यास आले.

पहिले आठ दिवस आम्हीं त्यांस स्नान घातलें. नवव्या दिवशीं परीक्षेच्या उत्तरपत्रिका आल्या, आणि संपुष्ट कपाटांत गेला. मनास टोचणी लागली तेव्हां एका स्नेह्यांनीं तोड सुचविली. जुन्या घरगुती वस्तु जतन करणारें एक संग्रहालय आहे; तेथें देऊन टाका, नीट राहतील आणि लोक पाहतील. आम्हीं तेथून छापील अर्जहि आणविला. त्यांत रकाने होते: वस्तूचें नांव, धातु, उंची, अंदाजें काळ, स्थिति, उपयोग. पहिले पांच रकाने आम्हीं पंधरा मिनिटांत भरले. अन्नपूर्णेपुढें 'स्थिति' या रकान्यांत 'झिजलेली. नाकडोळे स्पष्ट नाहींत. पळीचें टोंक नाहींसें' असें लिहिलें. सहाव्या रकान्याशीं लेखणी अडली. 'पूजेसाठीं' असें लिहावें, तर पूजा बंद होती; 'पूर्वीं पूजेसाठीं' असें लिहावें, तर त्या 'पूर्वीं'वर सही आमची पडणार होती. अर्ज खणांत गेला, आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत आम्ही दहा आठवड्यांची अभ्यासरजा घेऊन लंडनला गेलों.

आमचें काम तेथील एका ग्रंथालयांत होतें. दुपारीं डोळ्यांस विश्रांति म्हणून आम्ही बाहेर पडत असूं. पुतणीनें बांधून दिलेली पोळीभाजी ट्राफल्गार चौकाच्या पायऱ्यांवर बसून खावी, आणि मग पाठीमागच्या नॅशनल गॅलरींत शिरावें, असा क्रम पडला. आंत जाण्यास पैसे पडत नाहींत, ही गोष्ट पुण्याच्या मनुष्यास कोणी सांगावी लागत नाहीं. पहिल्याच आठवड्यांत कळलें कीं, दुपारच्या सुटींत तेथें व्याख्यानें होतात. एक चित्र घ्यावयाचें, त्याच्या समोर उभें राहावयाचें, आणि तें कोठून आलें, कशाचें आहे, कोणासाठीं काढलें होतें, हें आलेल्या मंडळींस सांगावयाचें. त्या दिवसांत विषय होता जुन्या युरोपांतील धर्मचित्रें. व्याख्यानहि फुकट होतें.

या चित्रशाळेची कुळकथा थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. युरोपांतील बरेच मोठे संग्रह मूळ राजांचे. ते पुढें राज्यक्रांतीनें किंवा राजकृपेनें प्रजेचे झाले. हिचें तसें नाहीं. १८२४ सालीं पार्लमेंटानें जॉन ज्यूलियस अँगरस्टाइन या धनिकाचीं ३८ चित्रें ५७,००० पौंडांस विकत घेतलीं आणि त्याच्याच पॅल मॅल रस्त्यावरील घरांत तीं लोकांस दाखविण्यास प्रारंभ केला. ट्राफल्गार चौकांतील इमारत उघडली ती १८३८ मध्यें. या संग्रहांत पहिला क्रमांक ज्या चित्रास मिळाला तें सेबास्तियानो देल पिओम्बो याचें, मेलेल्या लाझरसास ख्रिस्त उठवितो त्या प्रसंगाचें. फ्रान्समधील नारबॉनच्या मोठ्या देवळासाठीं काढलेलें. म्हणजे राष्ट्राच्या चित्रसंग्रहाचा श्रीगणेशा देवळांतून आलेल्या चित्रानें झाला. आजहि तेथील सुमारें एकतृतीयांश चित्रें ख्रिस्ती धर्मकथेचीं आहेत, आणि पाहण्यास येणाऱ्यांपैकीं पुष्कळांस ती कथा ठाऊक नसते. २००० सालीं, नील मॅक्ग्रेगर हे संचालक असतांना, ख्रिस्ताच्या प्रतिमेविषयीं तेथें एक मोठें प्रदर्शन भरलें होतें तें ही अडचण ओळखूनच. दुपारचें व्याख्यान हा त्याच अडचणीवरचा साधा, घरगुती उपाय.

श्रोते पंधरावीस असत. गळ्यांत कचेरीची ओळखपट्टी अडकविलेले दोनतीन कारकून, कांहीं पेन्शनर, एखादी विद्यार्थिनी, आणि पावसांतून आडोशाला आलेला एखादा प्रवासी. व्याख्यान देणाऱ्या एक पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांच्या हातांत टिपण नसे. त्या आमच्याकडे थोडें आणि चित्राकडे अधिक पाहून बोलत, आणि मधूनच अगदीं गप्प राहत. वर्गांत गप्प राहिलों तर मुलें बोलूं लागतात, या धास्तीनें आम्ही तीस वर्षें अखंड बोलत आलों आहों. गप्प राहण्यानेंहि शिकवितां येतें हें आम्हीं या वयांत प्रथम पाहिलें.

या कथा आम्हांस नव्या होत्या असें नाहीं. इंग्रजीचा प्राध्यापक म्हटला कीं मिल्टन आला, आणि मिल्टनबरोबर येशूच्या जन्मापासून स्वर्गारोहणापर्यंत सर्व प्रसंग टीपांच्या रूपानें आले. त्या टीपा आम्ही निष्ठेनें सांगत असूं. एका वर्षीं वर्गांत वसईची एक विद्यार्थिनी होती. मेरीच्या निळ्या वस्त्राचे अर्थ आम्ही फळ्यावर एक, दोन, तीन असे आंकडे घालून लिहिले. तास संपल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, तुम्ही सांगितलंत तें सगळं बरोबर आहे. पण आमच्या घरीं तिला आम्ही नुसतं आई म्हणतों." तें उत्तरपत्रिकेंत लिहूं नकोस, असें आम्हीं तिला सांगितलें. तिनें लिहिलें नाहीं. तिला पहिला वर्ग मिळाला. लंडनमध्यें पहिल्या व्याख्यानाच्या दिवशीं ती मुलगी आम्हांस एकाएकीं आठवली, आणि मग दहा आठवडे ती आमच्या शेजारींच उभी होती म्हणावयास हरकत नाहीं.

तें पहिलें व्याख्यान दूच्चो या सिएना नगरच्या चित्रकारावर होतें. चित्र जेमतेम हातभर. देवदूत येऊन मेरीस सांगतो कीं तुझ्या पोटीं देव जन्म घेणार आहे. ती वाचीत असलेलें पुस्तक हातांत तसेंच धरून किंचित् मागें सरते. एवढाच प्रसंग. बाई म्हणाल्या, "हें चित्र नव्हे, हा एका चित्राचा तुकडा आहे." सिएनाच्या मुख्य देवळाच्या वेदीसाठीं दूच्चोनें दोन्ही अंगांनीं रंगविलेला एक प्रचंड चित्रपट तयार केला. ९ जून १३११ रोजीं तो त्याच्या कारखान्यांतून देवळांत नेला तेव्हां गांवांतील दुकानें बंद होतीं, घंटा वाजत होत्या, वाद्यें पुढें होतीं आणि लोक दिवे घेऊन मागून चालत होते. आमच्या डोळ्यांपुढें पालखी उभी राहिली. ती कशाची पालखी हें विचारण्याची गरज नव्हती. खांदे बदलतांना होणारी ती लगबग कोणत्याहि गांवची सारखीच. पुढें १७७१ सालीं तो चित्रपट करवतीनें कापला गेला. बराचसा भाग सिएनास राहिला, बाकीचे तुकडे देशोदेशीं गेले. तीन लंडनला आले. बाईंनीं त्या फळीची कड आम्हांस नुसती बोटानें दाखविली आणि त्या गप्प राहिल्या.

त्या शांततेंत आम्हांस एक निराळीच गोष्ट सुचली. ही शुभवार्ता आम्हीं टीपांतून शिकविली खरी, पण ती आमच्या भाषेंत ओवींत सांगितलेलीहि आहे. १५७९ सालीं गोमंतकांत आलेल्या टॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानें मराठींत रचलेलें ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें छापलें गेलें. एका इंग्रजानें ती कथा आमच्यासाठीं मराठी केली होती. आणि आम्ही ती मराठी मुलांस चारशें वर्षांनंतर इंग्रजी टीपांतून समजावून देत होतों! वसईच्या मुलीनें आमच्या टीपांत काय उणें होतें तें बरोबर ओळखलें होतें.

दुसरें चित्र 'विल्टन डिप्टिक' या नांवानें प्रसिद्ध आहे. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्यासाठीं तें चौदाव्या शतकाच्या अखेरीस कोणा अज्ञात चित्रकारानें काढलें. १९२९ सालीं तें या संग्रहांत आलें. दोन लहान ओकच्या फळ्या बिजागरीनें जोडलेल्या. पुस्तकाप्रमाणें मिटावें आणि बरोबर घेऊन जावें. डाव्या फळीवर राजा गुडघे टेकून बसला आहे. त्याच्या पाठीशीं तीन संत उभे, त्यांतले दोघे पूर्वींचे इंग्रज राजेच. उजव्या फळीवर निळाईच्या मधोमध मेरी, तिच्या कडेवर बाळ, आणि भोंवतीं अकरा देवदूत. प्रत्येक देवदूताच्या छातीवर पांढऱ्या हरणाची खूण आहे. तें रिचर्डचें स्वतःचें चिन्ह. स्वर्गांतील मंडळीसुद्धां आपल्या पक्षाचीं, अशी त्या राजाची समजूत असावी. ती खरी ठरली नाहीं. १३९९ मध्यें त्याचें राज्य गेलें. देवदूतांपैकीं एकाच्या हातीं निशाण आहे. त्याच्या टोंकाशीं जो वाटोळा गोळा आहे तो नुसती शोभा म्हणून समजला जात होता. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत चित्र साफ करतांना त्या इवल्याशा गोळ्यांत एक हिरवें बेट दिसलें, त्यावर पांढरा किल्ला, आणि भोंवतीं एके काळीं रुपेरी असलेला समुद्र.

बाई हें सांगत होत्या, आणि आम्हांस कपाटांतला संपुष्ट दिसत होता. प्रवासास निघतांना देव उपाशी राहूं नयेत म्हणून बरोबर न्यावयाचे, मुक्कामाच्या जागीं झांकण उघडून पाटावर मांडावयाचे. राजाच्या या मिटत्या फळ्या आणि आमच्या आजीचा तांब्याचा डबा यांत किमतीचा फरक आहे, कल्पनेचा नाहीं. दोहोंस मिटण्याची सोय आहे. संग्रहालयांत मात्र डिप्टिक सदैव उघडें असतें. तें मिटून कोणी प्रवासास निघत नाहीं.

त्याच दिवशीं व्याख्यान संपल्यावर एका वृद्ध बाईनें हात वर करून विचारलें, "येथें प्रार्थना केली तर चालेल का?" मंडळी किंचित् ओशाळली. कारकुनांनीं घड्याळें पाहिलीं. व्याख्यात्या बाई शांतपणें म्हणाल्या, "मनाई कोणीं केलेली नाहीं. हात मात्र लावूं नका." म्हातारी तेथें दोन मिनिटें डोळे मिटून उभी राहिली. कोपऱ्यांतला पहारेकरी तेवढा वेळ दुसऱ्या दालनाकडे पाहत होता.

शेवटचें व्याख्यान टिशियनच्या ज्या चित्रावर झालें, त्याचें नांवच 'नोली मे तांगेरे', म्हणजे 'मला स्पर्श करूं नकोस'. ख्रिस्तास क्रुसावर दिल्यानंतर तिसऱ्या दिवशीं मग्दालियाची मेरी त्याच्या थडग्याशीं रडत आहे. समोर कोणी दिसतो तो बागेचा माळी असेल असें तिला वाटतें. तो तिला नांवानें हांक मारतो, तेव्हां ओळख पटते आणि ती हात पुढें करते. तो म्हणतो, स्पर्श करूं नकोस. चित्रांत त्याच्या हातीं माळ्याचें कुदळें आहे. दुसऱ्या हातानें तो आपलें वस्त्र आवरून घेत आहे. आणि तरीहि त्याचें सारें शरीर तिच्यावर ओणवलें आहे. क्ष-किरणांनीं पाहिलें तेव्हां असें आढळलें कीं, टिशियननें प्रथम त्याच्या डोक्यावर माळ्याची टोपी घातली होती आणि त्याला पाठ फिरवून निघालेला दाखविलें होतें. पुढें चित्रकारानें तें पुसलें व त्यास वळवून तिच्याकडे वांकविलें. नकार तोच, नुसतें शरीर वळलें, आणि नकाराचा अर्थ पालटला.

हें चित्र सॅम्युएल रॉजर्स या कवीनें मृत्युपत्रानें या संग्रहास दिलें. वर्ड्स्वर्थच्या निधनानंतर राजकवीचें पद नाकारणारा एवढीच त्याची ओळख आम्ही वर्गांत देत असूं. घरांत कोणतें चित्र टांगून तो जगला हें आम्हांस या वयांत कळलें. परंतु चित्राची खरी हकीकत युद्धकाळांतील आहे. १९३९ मध्यें युद्धाच्या भयानें सर्व चित्रें वेल्समध्यें हलविलीं, आणि १९४१ पासून तीं मॅनॉड येथील डोंगराच्या पोटांतील दगडाच्या खाणींत ठेवलीं गेलीं. मागें राहिल्या रिकाम्या भिंती. त्या रिकाम्या दालनांत मायरा हेस या पियानोवादिनीनें १० ऑक्टोबर १९३९ पासून दुपारच्या सुटींत मैफली भरविल्या. एक शिलिंग दिला कीं कोणासहि बसतां येई. बॉम्ब पडले तरी त्या बंद पडल्या नाहींत. १९४६ पर्यंत चालल्या. तशांत १९४२ च्या आरंभीं 'टाइम्स' पत्रांत एका वाचकाचें पत्र आलें. शहर इतकें विद्रूप झालें असतां सुंदर वस्तु पाहण्याची गरज उलट वाढली आहे, असा त्याचा आशय होता. संचालक केनेथ क्लार्क यांनीं मग महिन्यास एकच चित्र खाणींतून आणून मांडण्याची योजना केली. तें नष्ट झालें तर एकच होईल, असा हिशेब. त्या योजनेंत पहिलें आलेलें चित्र हें. ज्या शहरांत घरोघर कोणी ना कोणी गेलेलें होतें, तेथील लोक दुपारच्या वेळांत भाकरी खाऊन या एका चित्रासमोर रांगेनें येऊन उभे राहत. बाईंनीं हें सांगितलें, आणि मग चित्रापुढें गुडघ्याइतक्या उंचीवर ताणलेल्या दोरीकडे पाहून त्या थोडेंसें हांसल्या. "या चित्राच्या पुढें ही दोरी बांधण्याचें खरें म्हणजे कारण नव्हतें," त्या म्हणाल्या.

परत येतांना विमानांत आम्ही 'हात लावूं नये' या वाक्याचाच विचार करीत होतों. हें वाक्य आम्हीं जन्मांत तीन ठिकाणीं ऐकलें. प्रथम आईच्या तोंडून. ती सोवळ्यांत असे आणि आम्ही शाळेंतून धांवत येत असूं. तिच्या त्या नकारांत आम्हांस कधीं अपमान वाटला नाहीं. ती दुरून ओणवून बोलत असे. परंतु तोच शब्द आमच्या देशांत लाखो माणसांस पाठ फिरवून सांगितला गेला, आणि तो पाणवठ्यावर आणि देवळाच्या दारांत सांगितला गेला. पंढरपूरचें दार सर्वांस उघडावें म्हणून साने गुरुजींस १९४७ सालीं प्राणांतिक उपोषण करावें लागलें. हें आम्ही वर्गांत सांगतों. आमच्या वाईच्या घरांतील देवघराच्या उंबरठ्याविषयीं आम्हीं कधीं कोठें कांहीं सांगितलेलें नाहीं.

तिसरें ठिकाण संग्रहालय. येथें नकार सर्वांस सारखा आहे. राजा आला तरी दोरीच्या अलीकडे, झाडूवाला आला तरी दोरीच्या अलीकडे. आणि आंत येतांना तुझा धर्म कोणता, जात कोणती, हें कोणी विचारीत नाहीं. ही समता थोडी नव्हे, आणि ती आमच्या कोणत्याहि देवळास इतक्या सहज साधलेली नाहीं. म्हणून संग्रहालयास देवांचें स्मशान म्हणून नांवें ठेवणाऱ्यांत आम्ही सामील होऊं शकत नाहीं. पण तिची किंमत आहे. रोममध्यें सेंट पीटरच्या देवळांत त्या संताची कांशाची मूर्ति आहे. यात्रेकरूंच्या हातांनीं तिच्या पायाचीं बोटें झिजून गुळगुळीत झालीं आहेत. ती मूर्ति संग्रहालयांत असती तर पहिल्याच दिवशीं झीज थांबली असती, आणि त्यापुढील यात्रेकरूंची कोठेंच नोंद झाली नसती. जेथें हात लागत नाहीं तेथें निदान जीभ तरी चालली पाहिजे. दुपारच्या व्याख्यानाचें काम तेवढेंच, आम्हांस वाटतें. बाईंनीं आम्हांस ख्रिस्ती केलें नाहीं, आणि तसा त्यांचा हेतूहि नव्हता. ही वस्तु कोणाची होती, कोठें बसत होती, तिच्यापुढें कोण वांकलें आणि कां, एवढें त्यांनीं सांगितलें. आणि परक्याच्या देवघरांत बोलावणें आल्याप्रमाणें आम्ही चपला काढून, मनानें तरी, आंत गेलों.

त्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत, एका दुपारीं, वाईच्या घरीं काम करणाऱ्या मावशी आमच्याकडे आल्या. मुलाकडे पुण्यास राहावयास आल्या होत्या. काकूंच्या मागें दादाला एकदां भेटून जावें म्हणून पत्ता शोधीत आल्या. बहात्तरच्या दुष्काळांत त्या आमच्याकडे कामास लागल्या, तेव्हां त्या परकऱ्या मुलगी होत्या आणि आम्ही बिगरींतून नुकते पहिलींत गेलों होतों. चाळीसांहून अधिक वर्षें त्यांनीं आमचें अंगण झाडलें, भांडीं घासलीं. देवघराचा उंबरठा त्यांनीं ओलांडला नाहीं. ओलांडूं नकोस असें त्यांस कोणीं सांगितल्याचें आम्हांस आठवत नाहीं. सांगावें लागत नव्हतें.

चहा झाल्यावर त्यांनीं विचारलें, "काकूंचे देव कुठं ठेवलेत, दादा?"

आम्हीं कपाट उघडलें. जेवणाच्या मेजावर धुतलेला पंचा अंथरला आणि संपुष्टांतून एकेक देव काढून त्यावर मांडला. लंडनच्या बाईंची आठवण मनांत होती, म्हणून ज्याचें जें ठाऊक होतें तें सांगूं लागलों: हा खंडोबा, जेजुरीचा, हा टाक आजोबांनीं नवा करून घेतला, हा बाळकृष्ण, आणि ही अन्नपूर्णा, आईनें १९५८ सालीं लग्नांत माहेराहून आणलेली. आमचें व्याख्यान येथें संपलें. आम्हांस याहून अधिक ठाऊक नव्हतें.

मावशी अन्नपूर्णेकडे पाहत होत्या. "हिला मी ओळखते," त्या म्हणाल्या. "मागल्या अंगणांत भांडीं घासायला बसलं कीं खिडकींतून दिसायची. त्या दुष्काळाच्या सालीं, घरांत तांदूळ सरत आले कीं काकू हिला मुठींत घेऊन बसायच्या. बोलायच्या नाहींत कांहीं. अंगठ्यानं नुसत्या चोळत राहायच्या. मग उठायच्या, आणि माझ्या पदरांत आधीं भाकरी घालायच्या."

ज्या मूर्तीपुढें आम्हीं 'नाकडोळे स्पष्ट नाहींत' असें लिहिलें होतें, ते कोणाच्या अंगठ्यानें पुसले गेले हें आम्हांस घरांत वाढूनहि ठाऊक नव्हतें. तें खिडकीबाहेरून पाहणाऱ्या माणसास ठाऊक होतें. आम्हीं म्हटलें, "मावशी, घ्या ना हातांत." त्यांचा हात अर्ध्यावर आला आणि थांबला. त्यांनीं आमच्याकडे पाहिलें नाहीं. उठून त्या मोरीवर गेल्या, हात धुतले, पदरास पुसले, आणि मग ती बोटभर मूर्ति त्यांनीं तळहातावर घेतली. बराच वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. नंतर मेजावरचे टाक निरखून म्हणाल्या, "काळे पडलेत. रांगोळीनं घासले तर निघतील. हिला चिंच लावा."

अर्ज अजून आमच्या खणांत आहे. तो आम्हीं फाडला नाहीं. आमच्यामागें केव्हां तरी तो कोणास तरी पाठवावा लागेलच, आणि त्यांत वाईट कांहीं नाहीं. देव सध्यां पुस्तकांच्या फळीवर उघड्यावर आहेत. पूजा आम्ही करीत नाहीं, रविवारीं घासतों. मावशी आल्या कीं त्या घासतात, आणि अधिक चांगले घासतात. सहावा रकाना मात्र आम्हीं त्याच दिवशीं भरून टाकला. जागा पुरली नाहीं, म्हणून उरलेलें कागदाच्या मागील बाजूस लिहावें लागलें.